सबमिशनमधून वाढणारं सॉफ्टवेअर

मुंबईत गिरण्या वाढत होत्या तेव्हा त्यांना यंत्रं जाणणारी शिकलेली माणसं हवी होती. १८८७ साली भायखळ्यात व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि १९२३ मध्ये ती माटुंग्याला आली. तीच आजची व्हीजेटीआय. धंद्याची गरज आणि वर्गातला धडा यांची अशी गाठ लालबाग-परळच्या गिरणगावाला नवी नाही. ओपन सोर्स सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना आज हीच गाठ बांधायची आहे.

असे बहुतेक प्रकल्प मोजक्या माणसांच्या फावल्या वेळावर चालतात. कॉलेजांत मात्र शेकडो मुलं, प्रयोगशाळा आणि विषय जाणणारे प्राध्यापक असतात. तरीही 'आमच्या प्रकल्पात सहभागी व्हा' या पत्राला सहसा उत्तर येत नाही. लेक्चर, प्रॅक्टिकल, टर्मवर्क, परीक्षा यांत बुडालेल्या शिक्षकाच्या दृष्टीने ते एक जादा काम असतं. त्याला जे काम एरवीही करावंच लागतं, तेच आपल्या सॉफ्टवेअरवर करता आलं तर तो येतो.

याचं उत्तम उदाहरण पवईत आहे. केंद्र सरकारने २००९ मध्ये माहिती-तंत्रज्ञानातून शिक्षणाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. शिक्षणात ओपन सोर्स सॉफ्टवेअर रुजवणारा आयआयटी मुंबईतला 'फॉसी' प्रकल्प त्याचाच भाग असून केमिकल इंजिनिअरिंगचे प्रा. कन्नन मौद्गल्य हे त्यामागचं प्रमुख नाव. मॅटलॅब या महागड्या गणिती सॉफ्टवेअरऐवजी फ्रान्समध्ये जन्मलेलं मोफत सायलॅब कॉलेजांत रुजवायचं होतं. त्यासाठी त्यांनी 'टेक्स्टबुक कम्पॅनियन' ही योजना आणली. विद्यार्थ्याने अभ्यासक्रमातलं एक पुस्तक निवडायचं, त्यातली सोडवलेली उदाहरणं सायलॅबमध्ये लिहायची, ती तपासून घ्यायची आणि मानधन व प्रमाणपत्र मिळवायचं. तयार झालेला कोड सर्वांसाठी खुला राहतो.

ही योजना मला फार हुशारीची वाटते. उत्तर पुस्तकात छापलेलंच असल्यामुळे कोड बरोबर आहे की नाही, हे लगेच कळतं. सराईत प्रोग्रामर नसलेल्या मुलालाही हे काम झेपतं आणि त्याला शेवट असतो. मागे उरलेला कोड पुढच्या वर्षीच्या वर्गाला वापरता येतो. अशी शेकडो पुस्तकं झाली आहेत. याच प्रकल्पाच्या 'लॅब मायग्रेशन' योजनेत तर कॉलेजच्या ठरलेल्या प्रयोगांची यादीच सायलॅबमध्ये उतरवली जाते. ब्राझीलच्या डॅनियल मेदेइरोस यांच्या डीडब्ल्यूसिम या रासायनिक प्रक्रियांच्या सॉफ्टवेअरसाठी केमिकलची मुलं प्रक्रियांचे आराखडे तयार करतात, तर पोलादी बांधकामाच्या आयएस ८००:२००७ या भारतीय मानकावर आधारलेलं 'ओसडॅग' आयआयटीतच घडलं आहे.

दरवाजा कुठला ठोठावायचा, हेही महत्त्वाचं. प्राचार्यांच्या आधी तो विषय शिकवणाऱ्या शिक्षकाला भेटावं. व्हीजेटीआय स्वायत्त आहे, तिचं अभ्यासमंडळ स्वतःचा अभ्यासक्रम ठरवतं. संलग्न कॉलेजात पुस्तक बदलणं शिक्षकाच्या हाती नसतं, पण मुंबई विद्यापीठाच्या २०१९च्या अभियांत्रिकी आराखड्यात मिनी प्रोजेक्ट होता. असा प्रकल्प असेल तिथे विषय सुचवता येतो. सत्र सुरू होण्याआधीच जावं, परीक्षेच्या तोंडावर नाही. कोडचा परवाना आणि मालकी आधीच लेखी ठरवावी, कारण विद्यार्थ्याच्या कामावर संस्था हक्क सांगू शकते. शिवाय मुलं चार वर्षांत निघून जातात, म्हणून अंतिम वर्षाच्या मुलाबरोबर दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी जोडून द्यावा. त्यांच्यानंतरही तिथे उरणारी व्यक्ती म्हणजे शिक्षक.

भागीदार फक्त अभियांत्रिकीतच शोधायचे, हा समज मात्र सोडायला हवा. सॉफ्टवेअरला भाषेच्या कामाचीही गरज असते. आयआयटीच्याच 'स्पोकन ट्युटोरियल'चे सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा मिनिटांचे धडे मराठीतही ऐकायला मिळतात, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला त्यांचा मोठा आधार होतो. फायरफॉक्स किंवा लिब्रेऑफिसच्या मेनूंमधल्या मराठीत तर कोणीही सुधारणा सुचवू शकतं. दादरच्या कीर्ती किंवा परळच्या महर्षी दयानंद कॉलेजातल्या भाषेच्या विद्यार्थ्यांना अनुवादाचा प्रकल्प म्हणून हे काम देता येईल. मेनूतले पन्नास शब्द, त्यांवर वर्गात चर्चा, शिक्षकाची सही आणि मग ते मूळ प्रकल्पाकडे रवाना. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, खर्चही जवळपास नाही. येत्या सत्राच्या आधी एखाद्या मराठी विभागाकडे हा प्रस्ताव घेऊन जायला हवं.