यूएसबी उपकरणांचा संगणकजालमार्गे अंतरविस्तार

प्रयोगशाळेतील मापनयंत्र अथवा कार्यालयातील डिजिटल स्वाक्षरीचे टोकन गोंदियास असावे आणि ते चालविणारा संगणक नागपुरास असावा, अशी योजना सुचणे स्वाभाविक आहे. तार लांबविली की काम भागले, असा ह्याविषयी सामान्य समज असतो. तथापि येथील अडचण संदेश क्षीण होण्याची कमी आणि वेळेची अधिक आहे.

२००० साली प्रसिद्ध झालेल्या यूएसबीच्या दुसऱ्या आवृत्तीत संगणक उपकरणास पृच्छा करतो आणि उत्तराची वाट सुमारे दीड मायक्रोसेकंदच पाहतो. एकेका तारेस ५ मीटरांची मर्यादा घालण्याचे मूळ ह्याच हिशेबात आहे. काचतंतूत प्रकाश एका मायक्रोसेकंदात सुमारे २०० मीटर जातो. अर्थात मध्ये कोणतेही यंत्र नाही असे धरले, तरी जाऊन येण्याचा पल्ला १५० मीटरच पडतो. गोंदिया-नागपूर लोहमार्ग सुमारे १३० किलोमीटरांचा आहे. त्याच्या कडेने नेलेल्या तंतूतूनही एका प्रश्नोत्तरास निदान १.३ मिलिसेकंद, म्हणजे अनुज्ञेय काळाच्या आठशेपटींहून अधिक वेळ लागेल.

ह्यावरील उपायाचे तत्त्व गोंदियास जुनेच आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेला जबलपूरकडील मार्ग अरुंदमापी होता (आता तो रुंदमापी झाला आहे). त्यावरील वाघिणी मुंबई-हावडा मार्गावर चालू शकत नसल्यामुळे माल येथे उतरवून दुसऱ्या वाघिणींत भरावा लागे. २०१४ साली लिनक्सच्या ३.१७ ह्या आवृत्तीच्या मुख्य भागात आलेल्या यूएसबी-आयपी पद्धतीत हेच घडते. क्षणाक्षणाची पृच्छा उपकरणाजवळील संगणकच करतो. जालावरून जाते ती केवळ पूर्ण मागणी आणि तिचे फलित. दूरच्या संगणकात एक आभासी नियंत्रक असतो. त्यामुळे उपकरण आपल्यालाच जोडलेले आहे, असे त्या संगणकास वाटते.

मांडणी अवघड नाही. गोंदियाच्या संगणकावर ही सेवा सुरू करून उपकरण ‘बाइंड’ करावयाचे आणि नागपूरच्या संगणकावरून टीसीपीच्या ३२४० क्रमांकाच्या पोर्टमार्गे ते ‘अटॅच’ करावयाचे. उपकरणाचा ड्रायव्हर मात्र नागपुरास हवा. हे पुष्कळदा विसरले जाते. एका वेळी एकच संगणक उपकरण वापरू शकतो. साठवणीची उपकरणे व टोकने विलंब बहुधा सोसतात. ठरावीक गतीने माहिती पाठविणारे कॅमेरे व ध्वनियंत्रे तो सहज सोसत नाहीत. बाजारात मिळणाऱ्या विस्तारक पेट्यांपैकी कित्येक जालाची तार वापरतात, परंतु जालाच्या स्विचमधून जाऊ शकत नाहीत व १०० मीटरांवर थांबतात. खरेदीपूर्वी हा भेद पाहावा.

सर्वांत गंभीर प्रश्न सुरक्षिततेचा आहे. ह्या पद्धतीत माहिती गुप्त ठेवण्याची वा मागणाऱ्याची ओळख पटविण्याची स्वतःची व्यवस्था नाही. पोर्ट उघडे राहिल्यास टोकन परक्याच्या संगणकास जोडले जाऊ शकते, आणि त्याचा पिनही वाटेत वाचला जाण्याचा संभव राहतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ह्याच्या कलम ४२ प्रमाणे स्वाक्षरीची खाजगी किल्ली आपल्या ताब्यात ठेवण्याची वाजवी दक्षता घेणे प्रमाणपत्रधारकावर बंधनकारक आहे. म्हणून अशी जोडणी व्हीपीएन अथवा एसएसएचच्या आच्छादनातूनच करावी. आणि स्वाक्षरीचे टोकन, शक्य असेल तेथे, धारकाच्या खिशातच असू द्यावे.