जुन्या वळणाची नवी घडण

एकोणिसाव्या शतकातील पुनरुज्जीवन शैलीच्या कोरीव फर्निचरला सरसकट नक्कल ठरवले जाते. न्यूयॉर्कचा जर्मन वंशाचा कारागीर जॉन हेन्री बेल्टर (1804–1863) याच्या खुर्च्या पाहता मला हा शेरा अन्यायाचा वाटतो. द्राक्षवेल, गुलाब, नागमोडी वळणे हे सारे अठराव्या शतकातील फ्रेंच रोकोकोचे आहे, हे खरेच. पण अखंड लाकडात इतकी पातळ, आरपार जाळी कोरली, तर ती रेषांच्या दिशेने चिरण्याची भीती असते. बेल्टरने रोझवुडचे पातळ थर एकाआड एक उभे-आडवे चिकटवले, वाफेने साच्यात वाकवले आणि मग कोरले. 1858 मध्ये या पद्धतीचे पेटंटही घेतले. अशा पाठीला बाक आला, शिवाय बळकटीही.

यावर कोणी म्हणेल, उठावदार फुले तर वरून चिकटवलेल्या लाकडाची! बरोबर, पण तीही चिकटवल्यावर हातानेच कोरलेली असत. नमुना उसना असला तरी घडण उसनी नव्हती, आणि फर्निचरचे मोल ठरवताना घडणीला अधिक वजन द्यायला हवे. खरेदीदारांनी मात्र जाळीच्या कडेला थर दिसले म्हणून लगेच बेल्टरचे नाव लावू नये. न्यूयॉर्कचे इतर कारखानदारही थरांचे फर्निचर बनवत होते.