परदेशातील आपला आधार : भारतीय वकिलात

बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली उच्च शिक्षणासाठी न्यूयॉर्कला गेले, तेव्हा आपला देश पारतंत्र्यात होता. परक्या मुलखात अडलेल्या हिंदी माणसाने हक्काने जावे, अशी स्वतंत्र भारताची वकिलात तेव्हा जगात कोठेही नव्हती. पुढे डिसेंबर १९५४ मध्ये रंगूनच्या आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेस बाबासाहेब गेले, ते एका सार्वभौम प्रजासत्ताकाचे नागरिक म्हणून. त्या प्रजासत्ताकाच्या घटनेच्या मसुदा समितीचे ते स्वतः अध्यक्ष होते. या चाळीस-बेचाळीस वर्षांत भारतीय माणूस प्रजाजनाचा नागरिक झाला.

आज आपल्या समाजातील मुले-मुली राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंड-अमेरिकेत शिकत आहेत. कोणी आखाती देशांत वेल्डर, ड्रायव्हर, नर्स म्हणून कष्ट करीत आहेत. उपासक-उपासिका लुंबिनी, अनुराधपूर, बँकॉक येथे धम्मयात्रेला जात आहेत. ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु ज्यांच्या घरातून मागच्या दोन-तीन पिढ्या परदेशी गेल्या, त्यांना तेथे काका-मामा असतात, ओळखीपाळखी असतात. आपल्यातील बहुतेक जण घरातून परदेशी जाणारे पहिलेच. अशा माणसाने अडचणीत कोणाकडे जावे? उत्तर एकच : आपल्या देशाच्या वकिलातीकडे. म्हणूनच वकिलातीची माहिती इतरांपेक्षा आपल्याला अधिक गरजेची आहे, असे आम्हांस वाटते.

वकिलात म्हणजे काय?

एका देशाचे दुसऱ्या देशाच्या राजधानीत जे मुख्य कार्यालय असते त्यास वकिलात किंवा दूतावास म्हणतात व त्याचा प्रमुख म्हणजे राजदूत. राष्ट्रकुलातील देश एकमेकांकडे जे कार्यालय ठेवतात त्यास उच्चायुक्तालय म्हणतात. म्हणून लंडन व कोलंबो येथे भारताचे उच्चायुक्तालय आहे, तर काठमांडू व बँकॉक येथे दूतावास आहे. राजधानीखेरीज अन्य मोठ्या शहरांत वाणिज्य दूतावास, म्हणजेच कॉन्सुलेट असते. उदाहरणार्थ, संयुक्त अरब अमिरातीत दूतावास अबुधाबीला व कॉन्सुलेट दुबईला. सौदी अरेबियात दूतावास रियाधला व कॉन्सुलेट जेद्दाला.

नावात ‘वाणिज्य’ असले तरी कॉन्सुलेटचे काम व्यापारापुरते नसते. १९६३ च्या व्हिएन्ना कराराने या कार्यालयांची कामे ठरवून दिली आहेत व आपल्या नागरिकांना साहाय्य करणे हे त्यांपैकी एक प्रमुख काम आहे. भारत १९७७ पासून या कराराने बांधलेला आहे.

नेहमीची कामे

पासपोर्टचे नूतनीकरण, परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद, १९६९ च्या विदेश विवाह कायद्याखाली विवाह, कागदपत्रांचे साक्षांकन ही रोजची कामे होत. बँकेच्या काउंटरवर आम्हांस यांतील दोन गोष्टी वारंवार दिसतात. एक, मुलाकडे परदेशी राहणाऱ्या निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखला; तो तेथील भारतीय अधिकाऱ्याच्या सहीने देता येतो. दुसरी, घर वा जमिनीच्या व्यवहारासाठी भावाच्या किंवा पत्नीच्या नावे पाठविलेले मुखत्यारपत्र. ते वकिलातीत साक्षांकित करून घ्यावे आणि भारतात पोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत येथील मुद्रांक शुल्क भरावे. ही मुदत चुकल्याने व्यवहार अडून पडतात.

संकटसमयी

पासपोर्ट हरवला तर प्रथम तेथील पोलिसांत तक्रार नोंदवावी व तिची प्रत घेऊन वकिलातीत जावे. नवा पासपोर्ट होण्यास वेळ असेल आणि परतणे निकडीचे असेल, तर तात्पुरते प्रवासपत्र मिळते. ते फक्त भारतात परत येण्यापुरते चालते. जुन्या पासपोर्टची छायाप्रत जवळ असेल तर ओळख पटविणे सोपे जाते.

मालकाने पगार थकविला, पासपोर्ट काढून घेतला, मारझोड केली, तर वकिलातीतील कामगारविषयक अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. निराधार व गरजू भारतीयांसाठी २००९ साली ‘भारतीय समुदाय कल्याण निधी’ स्थापन झाला. त्यातून तात्पुरता निवारा, तातडीचे औषधोपचार, परतीचे तिकीट, वकिलाची मदत, तसेच मृताचे पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च होऊ शकतो. वकिलातीतील सेवांवर नागरिकांकडून जे छोटे शुल्क घेतले जाते, त्यातून हा निधी उभा राहतो. म्हणजे तो नागरिकांच्याच पैशाचा आहे, हे ध्यानात ठेवावे.

परदेशात मृत्यू झाला तर घरच्यांवर आकाश कोसळते. अशा वेळी वकिलात मृत्यूची नोंद करते, पासपोर्ट रद्द करते आणि पार्थिव नेण्यास ना-हरकत पत्र देते. वारसांनी अधिकारपत्र दिल्यास थकलेला पगार व नुकसानभरपाई मिळविण्यासाठीही ती पाठपुरावा करते. कुटुंबाची लेखी संमती लागते, म्हणून घरच्यांनी कागद पाठविण्यास विलंब करू नये.

अटक झाली तर

व्हिएन्ना करारातील ३६ वे कलम प्रत्येक प्रवाशाने लक्षात ठेवावे. परदेशी नागरिकास अटक झाली तर त्याच्या वकिलातीस कळविण्याचा त्याचा हक्क आहे आणि हा हक्क त्याला विनाविलंब सांगणे हे तेथील पोलिसांवर बंधनकारक आहे. मात्र सर्वसाधारण नियम असा, की कैद्याने मागणी केली तरच वकिलातीस कळविले जाते. म्हणून ‘माझ्या वकिलातीस कळवा’ हे वाक्य स्वतः उच्चारले पाहिजे. भाषा येत नसली तरी ‘इंडियन एम्बसी’ हे दोन शब्द पुरेसे आहेत.

या कलमाचे वजन किती, हे महाराष्ट्राचे कुलभूषण जाधव यांच्या खटल्यात दिसले. पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने २०१७ साली त्यांना फाशीची शिक्षा सुनावली. त्याआधी भारतीय अधिकाऱ्यांना त्यांची भेट घेऊ दिली नव्हती. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी पाकिस्तानने ३६ व्या कलमाचा भंग केल्याचा निर्णय दिला आणि शिक्षेचा फेरविचार करण्यास सांगितले.

युद्ध व आपत्ती

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतले, तेव्हा लाखाहून अधिक भारतीय तेथे अडकले. त्यांना रस्त्याने जॉर्डनमधील अम्मानला आणून एअर इंडियाच्या ४८८ उड्डाणांनी मुंबईस पोचविण्यात आले. २०१५ साली येमेनमधून ‘ऑपरेशन राहत’द्वारे साडेचार हजारांहून अधिक भारतीय सुखरूप आले. २०२२ साली युक्रेनमधून सुमारे २२,५०० भारतीय परतले. त्यांत बहुसंख्य वैद्यकीय विद्यार्थी होते. अशा वेळी कोण कोठे राहतो हे वकिलातीस माहीत असेल तरच ती त्याच्यापर्यंत लवकर पोचू शकते. म्हणून परदेशी गेल्याबरोबर आपले नाव-पत्ता वकिलातीत नोंदवावा. यास पैसे पडत नाहीत.

वकिलात काय करू शकत नाही?

खोट्या अपेक्षेने निराशा पदरी येते. वकिलात नोकरी लावून देत नाही, कर्ज फेडत नाही, परक्या देशाच्या न्यायालयात हस्तक्षेप करू शकत नाही आणि गुन्हेगारास सोडवून आणू शकत नाही. त्या देशाचा कायदा आपल्याला लागू असतोच. ती कैद्याला भेटू शकते, वकिलांची यादी देऊ शकते, घरच्यांना कळवू शकते आणि त्याला न्याय्य वागणूक मिळावी असा आग्रह धरू शकते. परमुलखात एकट्या पडलेल्या माणसाला एवढा आधारही फार मोठा असतो.

जाण्यापूर्वी

नोकरीसाठी जाणाऱ्यांनी एजंट सरकारमान्य आहे काय हे आधी पाहावे. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याने जी नोंदणी व परवानगी घालून दिली, ती कामगाराच्या संरक्षणासाठी आहे. दहावी न झालेल्या कामगाराला आखाती व अन्य काही देशांत जाताना ती लागते. पर्यटकाच्या व्हिसावर नोकरीस पाठविणारा एजंट हे संरक्षणच काढून घेतो. कराराची प्रत, पासपोर्ट व व्हिसाच्या छायाप्रती घरी ठेवाव्यात. नेपाळला आपणांस व्हिसा लागत नाही, पण लुंबिनीस जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे ओळखपत्र जवळ असावे. घरच्यांनीही हे जाणावे, की परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या २०१५ साली सुरू झालेल्या व्यवस्थेत गावी बसून तक्रार नोंदविता येते.

आमची संस्थेस एक नम्र सूचना आहे. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक सभासदाचे नाव, तेथील पत्ता आणि तेथील भारतीय वकिलातीचा दूरध्वनी क्रमांक यांची एक वही आपल्या विहारात असावी. विद्यार्थ्यांपैकी दोघांनी ती सांभाळावी व अडलेल्या कुटुंबास तक्रार-अर्ज लिहून द्यावा. कागद लिहिता न आल्यामुळे आपल्या माणसाचा हक्क बुडू नये.

सरकारी कचेरीच्या दाराशी हात जोडून ताटकळण्याची सवय आपल्या वाडवडिलांना लावली गेली होती. बाबासाहेबांनी ती मोडली. वकिलातीच्या दारावर देशाची राजमुद्रा असते आणि पासपोर्टवरही तीच असते. व्यापाऱ्याचा पासपोर्ट आणि मजुराचा पासपोर्ट यांत फरक नाही. म्हणून तेथे विनयाने जावे, पण याचक म्हणून जाऊ नये. नागरिक म्हणून जावे.

जय भीम! नमो बुद्धाय!