गावचे वर्तमानपत्र बंद पडते तेव्हा

आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. समजा, तुमच्या गावच्या रस्त्यावरचा पूल पावसाळ्यात खचला. गावकऱ्यांनी अर्ज दिला, सरपंचांनी तालुक्याला चार हेलपाटे घातले, तरी काम काही हलेना. आता ही गोष्ट गावाच्या शिवेबाहेर कोणाला कळणार? आणि त्याच पुलाच्या दुरुस्तीचे बिल आधीच निघाले असेल, तर तो कागद कोण उलगडून पाहणार? या दोन्ही प्रश्नांना पूर्वी बाजाराच्या गावी एक उत्तर असे. ते म्हणजे तिथले साप्ताहिक. आज ते उत्तर हळूहळू नाहीसे होत आहे. त्याने आपले नेमके काय जाते, हे आपण पाहू.

आपला वाशीम जिल्हा वयाने लहान आहे. १ जुलै १९९८ रोजी तो अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या भरली सुमारे बारा लाख. मागे राहिलेल्या जिल्ह्यांना पुढे आणावे म्हणून केंद्र सरकारने २०१८ मध्ये 'आकांक्षित जिल्हे' निवडले, त्यांत वाशीमचाही समावेश झाला. म्हणजे इथे योजना येतात, पैसाही येतो. पण पाणी कुठे मुरते, हे पाहणारे डोळे जवळचेच असावे लागतात. मुंबईला बसून मानोऱ्याचा पूल दिसत नाही.

मराठीतले पहिले वृत्तपत्र म्हणजे बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण'. ते ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाले आणि १८४० साली बंद झाले. म्हणजे पत्र बंद पडणे ही मराठीला नवी गोष्ट नाही. पण एक दिवा मालवला की दुसरा कोणी तरी लावीत असे. ही हौस पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत पसरली. आपल्या शेजारच्या यवतमाळला लोकनायक बापूजी अणे यांनी १९१८ मध्ये 'लोकमत' हे साप्ताहिक काढले. पुढे १९७१ मध्ये त्याच नावाचे दैनिक जवाहरलाल दर्डा यांनी नागपूरहून सुरू केले. मोठ्या दैनिकांची मुळेही अशी लहान गावांत सापडतात.

ज्यांनी जुना छापखाना पाहिला आहे, त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. एक खोली, खिळ्यांनी भरलेले खण, एक ट्रेडल. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तके छापून जो वेळ उरेल, त्यात अंक निघायचा. संपादक तोच, बातमीदार तोच, मुद्रिते तपासणारा तोच, आणि अंकावर पोस्टाचे तिकीट चिकटवणाराही बहुधा तोच! अंकात काय असे? बाजार समितीतले तुरीचे, कापसाचे भाव. पंचायत समितीच्या सभेत कोण काय बोलले ते. कोणत्या शाळेला मास्तर नाही, कोणत्या गावची एस. टी. बंद झाली, कोणाचा बैल हरवला, कोण वारले. शहरातल्या माणसाला यात वाचण्यासारखे काही नाही. पण ज्याच्या गावची ती एस. टी. आहे, त्याला यापेक्षा मोठी बातमी कोणती?

मग ही पत्रे क्षीण का होत आहेत? 'लोक वाचत नाहीत' असे म्हणून आपण मोकळे होतो, पण हिशेब मांडला तर कारण निराळे दिसते. लहान पत्राचे उत्पन्न चार वाटांनी येते: वर्गणी, सरकारी जाहिराती, जमिनीच्या खरेदी-विक्रीच्या जाहीर नोटिसा, आणि दिवाळीच्या व पुढाऱ्यांच्या वाढदिवसांच्या शुभेच्छा. वर्गणीत कागदाचाही खर्च निघत नाही. मोठ्या दैनिकांनी जिल्ह्याजिल्ह्यांच्या पुरवण्या सुरू केल्या, तशी व्यापाऱ्यांची जाहिरात तिकडे गेली. २०१६ नंतर मोबाईलवरचे इंटरनेट स्वस्त झाले, तशी उरलेली तिकडे गेली. जुलै २०१९ मध्ये परदेशातून येणाऱ्या वृत्तपत्री कागदावर दहा टक्के सीमाशुल्क बसले. फेब्रुवारी २०२० मध्ये ते पाच टक्क्यांवर आले खरे, पण लगेच करोना आला. त्या एप्रिलात राज्यात घरोघरी अंक टाकायलाही काही काळ बंदी होती. ज्या घरांत तेव्हा अंक थांबला, त्यांतल्या कितीतरी घरांत तो पुन्हा आलाच नाही.

कोणी म्हणेल, "पेपर कायले पाहिजे? मोबाईलवर सारं येते न!" येते खरे. पण जरा नीट पाहा. मोबाईलवर जगातले सारे येते. आपल्या पंचायत समितीच्या सभेत काय झाले, ते मात्र क्वचितच येते. कारण ते येण्यासाठी त्या सभेत कोणी तरी वही घेऊन बसावे लागते. तीन तास बसायचे, आकडे टिपायचे, दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन ते ताडून पाहायचे. या कामाला मजुरी लागते. मोबाईलने बातमी पोचवणे फुकट केले. बातमी मिळवणे फुकट झालेले नाही. आणि अकोल्याहून, अमरावतीहून, नागपूरहून छापून येणाऱ्या दैनिकांत जिल्ह्याला जी जागा मिळते, तीत सहा तालुके आणि शेकडो गावे किती मावणार?

आता या घटीचे परिणाम पाहू. पहिला परिणाम दुष्काळाच्या वेळी दिसतो. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले आहे की, जिथे लोकशाही चालते आणि वृत्तपत्रे मोकळी असतात, तिथे मोठा भूकबळीचा दुष्काळ पडत नाही. कारण बातमी बाहेर फुटते आणि सरकारला हलावे लागते. पुढे टिमोथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी भारतातल्या सोळा राज्यांचे १९५८ ते १९९२ या काळातले आकडे तपासले. पीक बुडाले किंवा पूर आला, तर जिथे वृत्तपत्रांचा खप जास्त तिथे सरकारने धान्य आणि मदत अधिक तत्परतेने पोचवली, असे त्यांना आढळले. त्यातही हा गुण प्रादेशिक भाषांतल्या पत्रांचा होता. इंग्रजी-हिंदी पत्रांचा तसा दिसला नाही. सोयाबीनवर जगणाऱ्या आपल्या जिल्ह्याने हे गाठीशी बांधावे. पैनगंगेच्या काठचे शेत खरडून गेले, तर ते मराठीत आणि वेळेवर छापून यायला हवे.

दुसरा परिणाम पैशाचा. अमेरिकेत लॉस एंजलिसजवळ बेल नावाचे सुमारे ३५ हजार वस्तीचे, मजुरांचे, गरीब गाव आहे. त्या गावावर लक्ष ठेवणारे स्वतःचे पत्र उरले नव्हते. २०१० मध्ये 'लॉस एंजलिस टाइम्स' या मोठ्या दैनिकाने उघडकीस आणले की, तिथला नगरव्यवस्थापक वर्षाला जवळजवळ आठ लाख डॉलर पगार घेतो, म्हणजे त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षाच्या दुप्पट! २०१४ मध्ये त्याला बारा वर्षांची शिक्षा झाली. तोवर वर्षानुवर्षे गावाचा पैसा गेलाच होता. नगरपालिकेच्या सभा उघड्या होत्या, पण तिथे बसून लिहिणारा कोणी नव्हता. त्याच देशात असेही आढळले आहे की, स्थानिक पत्र बंद पडल्यावर त्या भागातल्या नगरपालिकांना कर्ज महाग मिळू लागते. पहारा उठला हे सावकारालाही कळते म्हणायचे.

तिसरा परिणाम सर्वांत दुःखाचा. बातमीची जागा रिकामी राहत नाही. तिथे अफवा येऊन बसते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावी बाजाराच्या दिवशी भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी आली आहे, असे मोबाईलवर फिरत होते, एवढेच कारण. ते पाचही जण गरीब लोक होते. एखादे स्थानिक पत्र असते तर हे टळलेच असते, असे कोणी छातीठोकपणे म्हणू नये. पण गावाला ओळखीच्या माणसाला विचारता येते, "हे खरं आहे का हो?" आणि त्या माणसाला आपल्या नावाने, पत्त्यासह छापून उत्तर द्यावे लागते. चुकले तर लोक त्याच्या दारात येतात. पुढे ढकललेल्या निरोपाला ना नाव, ना दार.

चौथी गोष्ट शिक्षकांच्या ध्यानात लगेच येईल. साप्ताहिकाचे जुने अंक म्हणजे तालुक्याची वही. शाळा कधी सुरू झाली, धरण कसे मंजूर झाले, दुष्काळात कोणी धान्य वाटले, हे सारे त्यात असते. अंक थांबले की वही कोरी राहते, आणि जुने गठ्ठे रद्दीत गेले की लिहिलेली पानेही फाटतात.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ही पत्रे काही धुतल्या तांदळासारखी नव्हती आणि नाहीत. ज्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात छापायची, त्याच्याविरुद्ध लिहायला हात धजत नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात पैसे घेऊन बातम्या छापल्या गेल्या, हे पी. साईनाथ यांनी उघड केले. त्यात तर मोठमोठी पत्रे होती. पण मीठ ओलसर झाले म्हणून कोणी अळणी जेवत नाही. जाहिरातदाराच्या ओंजळीने पाणी पिणारे पत्र नको असेल, तर वाचकाने आपली ओंजळ पुढे केली पाहिजे.

मग आपण काय करावे? उत्तर प्रदेशात चित्रकूटला २००२ मध्ये 'खबर लहरिया' नावाचे पत्र सुरू झाले. बातम्या आणणाऱ्या सगळ्या खेड्यांतल्या स्त्रिया, त्यांतल्या पुष्कळ दलित समाजाच्या, आणि भाषा तिथली घरगुती. हातपंप बिघडला, रेशन मिळाले नाही, अशा बातम्या त्यांनी दिल्या. पुढे छापील अंक बंद झाला, तरी त्यांनी तेच काम मोबाईलवर चालू ठेवले. म्हणजे कागद गेला तरी चालेल, पण वही घेऊन सभेत बसणारे माणूस जाता कामा नये.

आपल्याकडेही असाच एक धडा आहे. १९५६ मध्ये पुणे आकाशवाणीने सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळे बसवली होती. कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची, आणि प्रश्न लिहून केंद्राला पाठवायचे. आज गावात असे वाचकमंडळ का बसू नये? दहा घरांनी मिळून तालुक्याच्या एका पत्राची वर्गणी भरावी, आणि आपल्या गावची बातमी तारीख-आकड्यांसह त्याला पाठवावी. ग्रामसभेत ठराव झाला की तो शाळेच्या फळ्यावर लागावा. कामाचे अंदाजपत्रक आणि बिल २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने मागता येते, तेही लागावे. गुरुजींनी मुलांकडून महिन्याचे भित्तिपत्रक करून घ्यावे. त्यात कवितांबरोबर गावाच्या विहिरीची पाणीपातळी आणि बाजारभावही असू द्यावे. आणि एक सवय मुलांना जरूर लावावी: बातमी पुढे पाठवण्यापूर्वी विचारायचे, हे कोणी पाहिले, कधी पाहिले, आणि सांगणाऱ्याचे नाव काय? ग्रंथालयांनी जुन्या अंकांचे गठ्ठे जपावेत, निदान त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत.

यातल्या कशालाही फार पैसा लागत नाही. वर्गणी भरायची इच्छा आणि सभेत बसायची चिकाटी मात्र लागते. पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा एवढेच पाहा: इथे जे बोलले जात आहे, ते लिहून घेणारे कोणी आहे का? नसेल, तर वही तुम्हीच न्या.