मण्यार दंश : रुग्णालय गाठेपर्यंत

उटनूरकडील वनवस्त्यांतून आदिलाबादचे रिम्स रुग्णालय गाठण्यास बराच वेळ लागतो. त्या वाटेवरच्या प्रथमोपचारांविषयी मला येथे लिहावयाचे आहे.

मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर निजलेल्यास चावतो. सूज नसते, वेदना अल्प, खुणाही क्वचितच दिसतात. म्हणून पहाटे पोटात दुखू लागले, पापण्या जडावल्या किंवा गिळता येईना, तर सर्पदंशाची शंका घ्यावी आणि १०८ क्रमांकावर कळवावे.

रुग्णास धीर द्यावा, चालवू नये. अंगठ्या, कडी काढावीत. दंश झालेला अवयव अस्थिभंगाप्रमाणे फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा. आवळून बांधणे, चिरा देणे, विष चोखणे सर्वथा वर्ज्य. प्रतिविषास पर्याय नाही. मांत्रिकाकडे वेळ दवडू नये.

या विषाने श्वसनाचे स्नायू लुळे पडतात. रुग्ण निश्चल दिसला तरी तो आपले बोलणे ऐकत असू शकतो. श्वास थांबल्यास तोंडाने श्वास देत राहावे. नाडी लागत नसल्यास छातीही दाबावी. माझ्या व्यवसायबंधूंना एवढीच विनंती, की विस्फारलेल्या बाहुल्या पाहून आशा सोडू नये. वेळेवर कृत्रिम श्वसन मिळाल्यास असे रुग्ण पूर्ण बरे होऊन घरी जातात.