राजाच्या जागी न्यायाधिकारी

राजा स्वतः न्याय देई, असे आपण गोष्टींतून ऐकतो. पण राजाच परदेशी गेला, तर प्रजेने दाद कोठे मागावी? मध्ययुगीन इंग्लंडच्या राजांची सत्ता फ्रान्समध्येही असल्याने हा प्रश्न वारंवार उभा राही. अशा वेळी राजाच्या नावाने न्याय व राज्यकारभार पाहणाऱ्या सर्वोच्च अधिकाऱ्यास ‘जस्टिशियर’ म्हणत. कँटरबरीचे आर्चबिशप ह्यूबर्ट वॉल्टर यांनीही ११९३ ते ११९८ पर्यंत हा भार वाहिला.

पुढे १२३४ पासून हे पद रिकामे राहिले. परगण्यांचे अधिकारी, म्हणजे शेरीफ, रयतेस नाडीत. अखेर १२५८ साली सरदारांनी ऑक्सफर्ड येथे तिसऱ्या हेन्री राजाकडून सुधारणा मान्य करविल्या आणि ह्यू बिगॉड यांस जस्टिशियर नेमले. प्रत्येक परगण्यात चार सरदारांनी तक्रारी नोंदवाव्या व जस्टिशियर फिरतीवर येताच त्याजपुढे ठेवाव्या, असे ठरले. राजाचे आज्ञापत्र विकत न घेताही सामान्य माणसाची फिर्याद ऐकली जाऊ लागली.

परंतु आम्हांस विशेष वाटते ते निराळेच. जस्टिशियरची मुदत एकच वर्षाची. वर्षअखेर त्याने राजा व मंडळापुढे जाब द्यावयाचा. भेट घ्यावयाची ती त्या दिवसापुरत्या खाण्यापिण्याचीच!

१२६५ नंतर हे पद लोपले. तथापि त्यातील बोध टिकून आहे: ज्याच्या हाती तराजू, त्याचेही वजन झालेच पाहिजे. गावात चार माणसांचा तंटा मिटविण्यास आपण बसतो, तेव्हा हे आपणांसही लागू नाही काय?