जादूची किंमत कोण मोजतं?

मागच्या व्याख्यानानंतर एका ताईंनी आम्हाला गाठून विचारलं, "मुलगी दहावीत आहे आणि सारखी जादूगारांची, ड्रॅगनची पुस्तकं वाचते. ही पळवाट नाही का हो?" आम्ही हसून वेळ मारून नेली. पण ते काही उत्तर नव्हतं. हाच प्रश्न आम्हालाही घरी विचारला जायचा आणि पंधराव्या-सोळाव्या वर्षी लाजून आम्ही ती पुस्तकं वाचायची सोडली होती. म्हणून आज नीट उत्तर देतो, एका पुस्तकाच्या आधाराने.

पुस्तक अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन यांचं, 'अ विझर्ड ऑफ अर्थसी', १९६८ सालचं. एका प्रकाशकाने त्यांना किशोरवयीन मुलांसाठी काहीतरी लिहायला सांगितलं. तोवर गोष्टींतले जादूगार म्हणजे बहुतेक पांढऱ्या दाढीचे म्हातारे. ले ग्विन यांना प्रश्न पडला, की हे लहानपणी कसे असतील? शिकले कुठे असतील? त्यातून गेड जन्मला. बेटावर शेळ्या राखणारा पोरगा, अंगात विलक्षण ताकद आणि डोक्यात तेवढीच घमेंड.

आता या जगातली जादू कशी चालते ते बघा. प्रत्येक वस्तूला, प्रत्येक माणसाला एक खरं नाव असतं आणि ते ज्याला कळलं त्याची त्यावर सत्ता चालते. पण जगाचा एक तोल आहे. इथे काही बदललं की त्याचा परिणाम दुसरीकडे होतोच. म्हणून गेडचा गुरू ओजियन मोठा जादूगार असूनही पाऊस आला की मुकाट्याने भिजतो, ढग बाजूला सारत नाही. गेडला हे पटत नाही. तुम्हाला-आम्हाला त्या वयात तरी कुठे पटलं असतं?

पुढे जादूच्या विद्यालयात, एका मुलाशी चढाओढ करताना, गेड मेलेल्या व्यक्तीला बोलावून दाखवतो. त्या फटीतून एक काळी सावली बाहेर पडते. ती फट बुजवताना विद्यालयाचे वृद्ध प्रमुख प्राण गमावतात. गेडच्या चेहऱ्यावर कायमचे व्रण राहतात. सावली त्याच्या मागे लागते, तो पळत राहतो. शेवटी ओजियन सांगतो की पळू नकोस, वळ आणि तूच तिचा पाठलाग कर. भर समुद्रात दोघं समोरासमोर येतात, तेव्हा गेड तिला जे नाव देतो ते त्याचं स्वतःचंच असतं. कुणाचा वध होत नाही. जे आपणच केलं ते आपलं म्हणून स्वीकारायचं, एवढीच लढाई.

मोठेपणी हे पुन्हा वाचलं तेव्हा आम्ही थबकलो. पळून जाणाऱ्याला ही गोष्ट पळूच देत नाही!

आणि लेखिकेनेही स्वतःला सूट दिली नाही. या मालिकेचा तिसरा भाग १९७२ साली आला, चौथा 'तेहानू' थेट १९९० साली. मधल्या काळात त्यांना जाणवलं होतं, की आपण रचलेल्या जगात मोठी विद्या फक्त पुरुषांनाच मिळते. चौथ्या भागात त्यांनी तेच जग एका मध्यमवयीन बाईच्या नजरेतून पुन्हा तपासलं.

याचा अर्थ प्रत्येक अद्भुतकथा चांगलीच असते असं नाही. कांडी फिरवली आणि सगळं फुकटात मिळालं, अशी पुस्तकंही ढिगाने आहेत. आमची कसोटी साधी आहे: या गोष्टीत जादूची किंमत कोण मोजतं?

तेव्हा ताई, पुस्तक काढून घेऊ नका. रात्री जेवताना मुलीला हा एकच प्रश्न विचारा. ती बोलायला लागली, की पळवाट आहे की वाट, हे तुम्हालाच कळेल.